येऊन राहिलो, म्हणजे नक्की कुठवर?

इरफान,

मागच्या आठवड्यात अकोटला तुझ्या घरी गेले होते. आत बायका बसल्या होत्या, बाहेर मांडवाखाली खुर्च्यांवर पुरुष होते, आणि मी काय करत होते म्हणशील? तुझ्या दारासमोरच्या नालीवरची फरशी वाकून वाकून पाहत होते. तुझा चुलतभाऊ जवळ आला, "ताई, काही हरपलं काय?" मी म्हटलं, "नाही, असंच." फरशीच्या दोन तुकड्यांमध्ये चांगली तीन बोटं फट आहे. हातगाडीचं चाक तिच्यात सहज बसेल. मी बोटं घालून पाहिली. पण ती फट तेव्हाही होती, की यंदाच्या पावसाळ्यात पडली, ते काही कळेना.

म्हणजे पाहा, तू गेलास, आणि मी अजून आपल्या भांडणाचा पुरावा शोधत होते. मला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मी तिथून उठले, असं मात्र झालं नाही. आणखी एकदा बोटं घातलीच.

आता हे जे लिहितेय ते तुझ्यासाठी आहे, पण इतरही वाचतील. त्यांना काय ठाऊक आपण कोण. तेव्हा तुला ठाऊक असलेल्या चार गोष्टी सांगाव्या लागतील. तू मधे बोलू नकोस.

मी अमरावतीची. आमची फुलांची शेती आणि बाजारात फुलांचं दुकान. हार गुंफताना मी गाते, आणि गाण्यातले शब्द बहुतेक माझेच असतात. तू अकोटचा, गादीवाल्यांच्या घरचा. वडिलांनी कापूस पिंजला, गाद्या भरल्या, हातगाडीवर घालून घरोघर पोचवल्या. तू कॅमेरा घेतलास आणि लग्नाचं शूटिंग करू लागलास. अशाच एका लग्नात आपली गाठ पडली. स्टेजची फुलं आमची होती, कॅमेरा तुझा. नवरी स्टेजवर आली, सगळे तिकडे धावले, आणि तू मंगल कार्यालयाच्या दाराशी उकिडवा बसून चपलांचं शूटिंग करत होतास. नवरीचे वडील तापले. "पोरगी तिकडं उभी हाये, अन् हा जोड्याचा पिच्चर काढून राहिला!"

तू शांतपणे म्हणालास, "काका, नवरी तर सगळेच पाहतीन. हे कोन पाहते?"

मला तेव्हा वाटलं होतं, हा माणूस एक तर वेडा आहे नाही तर आळशी. पुढे ओळख वाढली तसं कळलं, दोन्ही आहे.

त्याच दिवशी वरमाला गुंफताना मी काही तरी गुणगुणत होते, ते तू ऐकलंस. "कोनाचं गानं हाये हे?" मी म्हटलं, माझंच. "मंग मले दे." एवढंच. आणि महिन्याभरानं माझ्या गाण्यावर तू चपलांचा व्हिडिओ केलास. गाणं पाहुणे निघून गेल्यावरच्या घराचं. व्हिडिओत मी नाही, नवरी नाही, एकही चेहरा नाही. नुसत्या दाराशी काढलेल्या चपला. आधी ढीग, मग एकेक पाय येतो, चपला कमी कमी होत जातात, आणि शेवटी निळ्या पट्ट्याची एकच चप्पल उरते. तीही एकाच पायाची.

मी म्हटलं होतं, चार मिनिटं चपला कोण पाहणार? लोकांनी पाहिल्या. एकदा नाही, तीन-तीनदा पाहिल्या. "निळी चप्पल कोनाची?" म्हणून खाली वाद सुरू झाला. कुणी मोजून सांगितलं की दुसऱ्या मिनिटाला तिची जोडीदारीण दिसते. कुणी म्हटलं, ती वेगळी, तिला बक्कल आहे. चांदूर रेल्वेच्या एका बाईंनी लिहिलं, "ही माझ्या मावशीची आहे, कुणाला सापडली असल्यास कळवणे." गाणाऱ्या बाईचं नाव कुणी विचारलं नाही. मला थोडा राग आला, हे आज कबूल करते. पण रागापेक्षा नवल जास्त वाटलं. मी तुला विचारलं, असं का होतं रे?

तेव्हा तू जे सांगितलंस ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तू म्हणालास, "ताई, मी इतकी लगनं पायली. जो पाहुणा खुर्चीवर बसून राहते ना, तो अर्ध्या घंट्यानं घड्याळ पाहते. त्याच्या हातात बुंदीची बादली दे, पंगतीत वाढायले लाव. मंग तो शेवटच्या पंगतीपरेंत हालत नाई. लगन त्याचंच होऊन जाते. पाहनाऱ्याले काम द्या लागते."

वाढायला लावायचं. हा तुझा सगळा सिद्धांत. त्यानंतर मी टीव्हीवर, फोनवर गाण्यांचे व्हिडिओ पाहू लागले ते याच नजरेनं. बर्फात नाचणारी जोडी दिसली की वाटायचं, आपल्याला नुसतं खुर्चीवर बसवलंय आणि वरून गुलाबपाणी शिंपडून राहिलेत. आणि कधी एखादा असा दिसायचा, ज्यात माणूस उलटा चालतोय आणि बाकी गाव सुलटं, किंवा एकाच खोलीत चाळीस वर्षं निघून जातात, की मी हातातला हार बाजूला ठेवायची. बादली हातात आली की कळतंच.

तुझी दुसरी ख्याती म्हणजे उशीर. फोन केला की, 'येतोय' या अर्थानं, तू आपल्या वऱ्हाडीत म्हणायचास, "येऊन राहिलो." कुठं आहेस? येऊन राहिलो. निघालास का? येऊन राहिलो. मागून बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत असायचा. दर्यापूरच्या एसटीत बसलेला तू आणि घरी अंथरुणात पडलेला तू, दोघं एकच वाक्य बोलायचे. तुझ्या स्वतःच्या लग्नाचं विचारलं तरी तेच, "येऊन राहिली ना, कुठं तरी निघाली असन." मी वैतागून त्याच्यावर गाणं लिहिलं. चेष्टेचं गाणं होतं. एक बाई वाट पाहतेय, भात झाला, भाजी झाली, पोळ्या झाल्या, पुन्हा गार झाल्या, आणि हा प्रत्येक कडव्याच्या शेवटी म्हणतो, येऊन राहिलो.

माझी कल्पना अशी की शेवटी एक जण धापा टाकत यावा आणि त्याच्या पाठीत लाटणं बसावं. लोक हसतील. तू गाणं दोनदा ऐकलंस आणि म्हणालास, "लाटणं राहू दे. हा येऊन राहिला तो दिसलाच नाई पाह्यजे."

"मग कॅमेऱ्यात काय दिसणार? भात?"

"ताई, पाहनाराच येऊन राहिला ना."

मला कळायला दोन दिवस लागले. कॅमेरा म्हणजे येणारा माणूस. पाहणारा स्वतःच घराकडे चाललाय, अगदी हळू, इतका हळू की त्याला स्वतःला कळू नये. गल्लीच्या टोकाच्या चिंचेपासून तुझ्या दारापर्यंत, एका दमात, कुठेही न कापता. त्यासाठी तू वडिलांची हातगाडी काढलीस. तिच्यावर गादी अंथरलीस, गादीवर कॅमेरा. रस्त्यावर खडूनं खुणा केल्यास. पहिलं कडवं पिठाच्या चक्कीपाशी संपायला पाहिजे, दुसरं हापशीपाशी, शेवटची खूण ओट्याला लागून. मी विचारलं, "आणि उंबरठ्यावरून गाडी कशी नेशील?" तू म्हणालास, "उचलतो ना कॅमेरा."

हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं. पुढे सगळं भांडण याच वाक्यावर उभं राहिलं.

तुझ्या अम्मींना तू सांगितलंस, रोज जे करता तेच करा. त्या दारात बसल्या, दाभण घेऊन गादीच्या खोळीला टाके घालू लागल्या. मी चिंचेखाली उभी. हातात फोन, शेजारी तुझा लग्नातला तो मोठा स्पीकर, त्यावर गाणं. गाण्याच्या तालावर तू गाडी ढकलायची, असं ठरलेलं. तू निघालास. चक्की बरोबर, हापशी बरोबर. शेवटच्या कडव्याला गाडी दाराजवळ पोचली आणि एक हिसका बसून थांबली. मी इतक्या लांबून पाहिलं, गाडी नालीच्या फरशीवर होती. गाणं अजून थोडं बाकी होतं. अम्मी मान वर करून सरळ कॅमेऱ्यात पाहत होत्या. आणि गाणं सरलं. फोननं ते गाणं लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, मी ते बंद करायला झटत बसले, आणि तू तिकडे गाडीपाशी काय केलंस ते मला दिसलं नाही.

मी तुला म्हटलं, चाक अडकलं ना? पुन्हा करू. तू म्हणालास, नाही, झालं. जसं हाये तसंच ठेवतो.

तो व्हिडिओ लोकांनी जो उचलून धरला, त्याचं कोडं मला अजून पुरतं सुटलेलं नाही. पहिल्यांदा पाहताना गाडी सरकतेय हेच कित्येकांना कळायचं नाही. मग कुणी तरी लिहायचं, "थांबा, दार मोठं होतंय का?" आणि लोक परत पहिल्यापासून पाहायचे. पुण्याच्या एका सद्गृहस्थांनी विचारलं होतं, "येऊन राहिला म्हणजे तो कायमचा राहायला आला, असा अर्थ घ्यायचा का?" त्यांना आपल्याकडच्या एकानं उत्तर दिलं, "नाई हो, तो अजून आंघोळ करून राहिला." त्या उत्तरावर तू आठवडाभर हसत होतास.

पण खरा वाद शेवटच्या थांबण्यावरून. कॅमेरा उंबरठ्याच्या एक पाऊल अलीकडे थांबतो, अम्मी मान वर करून पाहत असतात, अकरा सेकंद. मी मोजलेत. त्या अकरा सेकंदांत लोकांनी काय काय पाहिलं! कुणी म्हणे, मुलगा इतक्या वर्षांनी आलाय म्हणून आत जायला धजत नाही. कुणी म्हणे, आई त्याला ओळखत नाही. एका मुलानं लिहिलं, हे पाहून मी आईला फोन केला आणि जेवलीस का एवढंच विचारलं. आणि एकानं लिहिलं, येणारा माणूस मेलेला आहे, म्हणून तो उंबरठा ओलांडू शकत नाही. हे वाचून तू पोट धरून हसलास. "ताई, मले मारलं पाय लोकायनं!" मीही हसले. ते हसणं आता मला नको झालंय.

मला मात्र एकच ठाऊक होतं: तू कॅमेरा उचलून आत नेणार होतास, आणि चाक अडकलं. तुला मी कितीदा विचारलं असेल. तू म्हणायचास, "तुले काय वाटते?" मला ते उत्तर चीड आणायचं. इतरांना बादली देतोस ते ठीक, पण मी काय पाहुणी आहे? मी तर घरची. घरच्या माणसाला स्वयंपाकघरात काय झालं ते कळायला नको का?

मग अकोल्याचा तो कार्यक्रम. कॉलेजच्या मुलांनी आपल्या दोघांना बोलावलं होतं. मी वेळेवर पोचले. तू पाऊण तास येऊन राहिला होतास. हॉल भरलेला, मी एकटी स्टेजवर, आयोजकांचे चेहरे पडलेले, आणि दर दहा मिनिटांनी तुझा तोच निरोप. शेवटी आलास, हसत आलास, केस ओले. एका मुलीनं उभी राहून विचारलं, "सर, तुम्ही उंबरठ्याच्या बाहेर का थांबलात?" किती मनापासून विचारत होती. तू नेहमीसारखं म्हणालास, "तुमाले काय वाटते?" ती बोलायला लागणार, तेवढ्यात मी तुझ्या हातातला माईक घेतला.

"काही नाही हो. चाक नालीत अडकलं होतं."

हॉल हसून कोसळला. तूही हसलास. ती मुलगी खाली बसली.

बाहेर ऑटोची वाट पाहत उभे असताना तू मला म्हणालास, "लोकं वाढून राहिले होते ताई. तू त्यायच्या हातची बादली हिसकून घेतली." मी म्हटलं, "खरं तेच सांगितलं." तू म्हणालास, "खरं तुले कोनं सांगतलं?" आणि ऑटोत बसून निघून गेलास. माझ्यासाठी थांबलाही नाहीस.

पुढचे पाच महिने आपण बोललो नाही. मी माझ्या जागी बरोबर होते. मनात रोज तुझ्याशी भांडायची आणि रोज जिंकायची. मधे एक नवं गाणंही झालं, पण तुला पाठवलं नाही. तू आधी फोन कर, असं माझं होतं. तुझं काय होतं ते मला ठाऊक नाही.

आणि एका सकाळी फोनवर तुझा निरोप. दोनच शब्द, येऊन राहिलो.

त्या दिवशी चांदूर रेल्वेला एका लग्नाच्या सजावटीची ऑर्डर होती. झेंडू गाडीत भरून झाला होता. मी निरोप वाचला आणि खरं सांगते, आनंद झाला. पण मनात म्हटलं, येऊन राहिला म्हणजे अजून अंथरुणात असणार. संध्याकाळपर्यंत पोचला तरी खूप. दुकान बंद केलं आणि गेले. रात्री परतताना तुला टोमणा मारला, "कुठवर आलास?" तुझं उत्तर नाही. मी म्हटलं, पाहा, आलाच नाही. आणि मला, इरफान, बरं वाटलं. मी पुन्हा एकदा बरोबर निघाले म्हणून.

चार दिवसांनी तू अकोल्याच्या दवाखान्यात होतास, आणि त्यानंतर दोन दिवसांनी नव्हतास. काय झालं, कसं झालं, ते मी इथे लिहीत नाही. कुणी विचारलं तरी मला सांगता येत नाही. एकतीस वर्षांच्या माणसाचं असं काय वाईट होऊ शकतं, ते मला कळलेलंच नाही.

तर त्या फरशीपाशी मी वाकले होते, तेव्हा आतून अम्मींनी मला बोलावलं. जवळ बसवलं, माझा हात हातात घेतला. मी काही विचारणार नव्हते. त्याच म्हणाल्या, "तुमारे यहाँ आया था ना वो? बोला, ताई से मिलके आता. सुबे सुबे निकल गया था. मैं बोली, बुखार है, मत जा. नई सुना."

मी म्हटलं, कधी?

त्यांनी वार सांगितला. चांदूर रेल्वेच्या ऑर्डरचा वार.

म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा तू खरोखर येऊन राहिला होतास. एसटीत बसून, अंगात ताप असताना. आणि मी त्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, कारण तो तुझा शब्द होता. अम्मींना मी सांगू शकले नाही की दुकान बंद होतं. नुसती मान हलवली. त्यांना वाटतं आपण भेटलो. ते तसंच राहू दे का, इरफान? मला अजून ठरवता आलेलं नाही.

परतीच्या एसटीत एकच प्रश्न डोक्यात होता: कशाला आला होता? माफी मागायला? तू तसला नव्हतास. भांडायला? त्यासाठी ताप घेऊन कोणी येत नाही. बरं, दुकान बंद दिसल्यावर एक फोन का केला नाहीस? मी चांदूरहून परत फिरले असते. खरंच फिरले असते का, हेही मी त्या बसमध्ये स्वतःला विचारलं. फुलं उतरवायची होती. माहीत नाही.

अमरावतीला उतरले ती थेट दुकानावर गेले. आमच्या शेजारी देवरावकाकांचं नारळाचं दुकान आहे. त्यांना विचारलं, काका, त्या दिवशी कुणी आलं होतं का? काकांनी कपाळावर हात मारला. "अवं, तो अकोटचा पोरगा ना! मी सांगाचंच भुललो. लय वेळ बसून राहिला होता माह्या खोक्यावर. पानी देल्लं त्याले. म्या म्हनलं, फोन लाव. तर म्हने, नाई काका, तिचं काम चालू असन, मी कधी वेळेवर येतो काय, आज तिची पाळी." मग त्यांनी नारळाच्या पोत्यांमागून एक पाकीट काढलं. वर शेंडीचा भुसा चिकटलेला.

आत पेनड्राइव्ह होता आणि वहीच्या पानाचा तुकडा. त्यावर तुझ्या वेड्यावाकड्या अक्षरात, "ताई, कान लावून पाय." आपल्याकडे पाय म्हणजे पाहा, पण पुण्याचे ते गृहस्थ असते तर पायाला कान कसा लावायचा म्हणून विचारात पडले असते. मी तिथेच, काकांच्या खोक्यावर बसून रडले.

पेनड्राइव्हमध्ये एकच फाइल. आपला तोच व्हिडिओ, पण वरून गाणं न बसवलेला. कॅमेऱ्यानं त्या सकाळी जे ऐकलं तेवढंच. हे मी कधी ऐकलंच नव्हतं. सुरुवातीला मी अगदी जवळ आहे. "हं, सोड," म्हणते, मग "हळू रे, हळू!" स्पीकरवर गाणं सुरू होतं. चाक कुरकुरतं. तुझा श्वास ऐकू येतो. चक्कीची घरघर येते आणि जाते, हापशीवर कुणाची तरी घागर भरतेय. जसजशी गाडी घराकडे जाते, तसतसं माझं गाणं मागे पडत जातं, बारीक होत जातं. मी तर समजत होते की गाणंच गाडीला घरापर्यंत नेतंय. दाराशी पोचेपर्यंत ते जवळजवळ ऐकू येईनासं होतं, आणि त्याऐवजी खोळीतून दाभण ओढल्याचा आवाज येतो.

मग अम्मी मान वर करतात. ज्या नजरेवर इतक्या लोकांनी इतकं लिहिलं, त्या नजरेबरोबर त्या म्हणतात, "ठैर रे. फर्शी गीली है अब्बी. पोंछा मारी मैं."

आणि तू थांबतोस. हिसका देऊन, एकदम. चाक अडकलेलं नाही. तू आईचं ऐकलंस, बस. त्या दारात वाट पाहत बसल्याच नव्हत्या. आत फरशी पुसली होती, ती वाळेपर्यंत कुणी पाय देऊ नये म्हणून वाट अडवून बसल्या होत्या.

मी हसले. इतकी हसले की काका उठून आले. किती लोकांनी किती अर्थ लावले, मी एक लावला, आणि तिकडे पोछा मारला होता! मग कळलं की मी हसतेय ते माझ्यावर. अकोल्याच्या त्या मुलीला मी जे ठणकावून सांगितलं, तेही मी फक्त वाढलेलंच होतं. इतरांसारखंच, माझ्या बादलीतलं. तू मला पाहुणी समजत नव्हतास. माझ्या हातची बादली काढून घ्यायची नाही म्हणून गप्प होतास, आणि मला वाटलं तू लपवतोस. चुकले मी, इरफान. हे मी तुझ्या तोंडावर कधीच म्हटलं नसतं, तुला ठाऊक आहे. तू असतास तर "बरं बरं" म्हणून विषय बदलला असता.

ही फाइल मी कुठे टाकणार नाही. इथे लिहिलं म्हणजे तुझा नियम थोडा मोडलाच, पण अम्मींचा तो आवाज लोकांना ऐकवणार नाही. ज्या मुलानं आईला फोन केला, त्याचा फोन खराच होता. अकोल्याच्या त्या मुलीला मात्र शोधतेय. तिला एवढंच सांगायचंय की चाक अडकलं नव्हतं. मग का थांबले म्हणून तिनं विचारलं तर म्हणेन, तुला काय वाटतं?

त्या दिवशी मी तेवढ्यावरच बंद केलं. पुढे अजून काही असेल हे सुचलंच नाही. आपला व्हिडिओ तिथेच तर संपतो. आज सकाळी दुकान उघडून हार गुंफायला बसले, आणि सहज पाहिलं तर फाइल गाण्यापेक्षा लांब आहे.

अकरा सेकंद होतात. लांब चिंचेखाली गाणं सरतं. अम्मी दोरा दातानं तोडतात, मागे वळून फरशीवर हात फिरवून पाहतात आणि म्हणतात, "हाँ, आ अब." आणि थोडं बाजूला सरकतात. कॅमेरा हलतो, उचलला जातो. तेव्हा बोलला होतास तसंच. उंबरठा खालून जातो. आत फरशी अजून जराशी ओली आहे, दारातल्या उजेडानं चमकतेय, आणि तिच्यात तू दिसतोस. कुठल्याच व्हिडिओत न आलेला तू, अनवाणी, छातीशी कॅमेरा धरलेला. तिकडे लांब माझं गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, म्हणजे त्या क्षणी मी खाली मान घालून फोनशी झटत होते. आणि तू दाराकडे तोंड करून, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मला ओरडून सांगतोस,

"ताई, आलो वो मी!"

इतक्या वर्षांत हा शब्द मी तुझ्या तोंडून ऐकला नव्हता. तेव्हाही ऐकला नाही.

आज ऐकला रे.